यादीतून काढलेली नावं

कर्जत, १४ फेब्रुवारी २०२५

प्रिया,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण पहिला परिच्छेद वाचून फाड. तुझ्या धाकट्या आत्याची, सुनंदाची, पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. दिवाळीपासून तिला परत डाग दिसतायत. शेलूच्या तिच्या बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, "तरणी झालीस गं परत!" तीही हसली आणि तीन महिने काढे पीत बसली. परवा माझ्याकडे आली, तर जिना चढताना दोनदा थांबली. मी डॉक्टरचं नाव काढलं, तर म्हणते, "डॉक्टर बघू नंतर. ताई, आधी प्रियाला विचार."

तर विचारते. काय करायचं?

माझा नंबर तू तीन वर्षांपासून ब्लॉक करून ठेवला आहेस, म्हणून पत्र. बंगळूरचा पत्ता तुझ्या संस्थेच्या वेबसाइटवर मिळाला. तिथे तुझा फोटोही आहे. बारीक झाली आहेस. तुझ्या नावाखाली एक ओळ आहे, डीएनएच्या दुरुस्तीतले दोष आणि आनुवंशिक कॅन्सर. ती मी दोनदा वाचली आणि पान बंद केलं.

त्या जनसुनावणीत मी जे बोलले, ते सभेत बोलले. कारखान्याच्या वकिलाने तुझा शोधनिबंध हवेत नाचवला आणि म्हणाला, "यांच्याच घरातली शास्त्रज्ञ सांगते की यांचा कॅन्सर रक्तातून आलाय, आमच्या पाण्यातून नाही." समोर अख्खा तालुका, हातात माइक, आणि पाताळगंगा नदीसाठी घातलेली तेरा वर्षं त्या एका कागदाखाली चिरडली जातायत. मी म्हणाले, "ती आता आमच्या घरातली नाही. ती विकली गेली." तू तिसऱ्या रांगेत उभी होतीस. मी तुला पाहिलं होतं. पाहूनच बोलले.

ते चूक होतं असं मी आज लिहिणार नाही. आज सुनंदाबद्दल लिहायचं आहे.

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तुला तो चालेल की नाही माहीत नाही, म्हणून जागा कोरी ठेवते.

जयवंता

कर्जत, ६ मार्च २०२५

प्रिया,

तुझं उत्तर पोचलं. एक पान, टाइप केलेलं. त्यात 'आत्या' हा शब्द नाही, पण दुसऱ्याच ओळीत 'आठवड्याच्या आत' या शब्दांखाली पेनाने दोन रेघा मारल्या आहेत. त्या दोन रेघांनी मला हलवलं. तू सांगितलंस तसं गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे. पण सुरुवातीचा आहे, पिशवीच्या बाहेर गेलेला दिसत नाही. ऑपरेशन पंधरा दिवसांत.

सुनंदा रिपोर्ट ऐकून म्हणाली, "बघ, मी म्हटलं होतं ना, आधी प्रियाला विचार." जणू काही पैज जिंकली.

तुझ्या पत्रातला दुरुस्तीचा भाग मला कळला नाही. खरं सांगायचं तर कळून घ्यायचा नव्हता. जेवताना मी म्हटलं, "दुरुस्ती म्हणे! सगळं इंग्रजी पांडित्य." तुझे आतोबा भाकरी मोडत होते. हा माणूस पस्तीस वर्षं रेल्वेत कीमन होता. रोज हातोडा आणि लाल झेंडी घेऊन पळसदरीच्या बाजूला रुळाच्या कडेने चालायचं, ढिली झालेली प्रत्येक चावी ठोकून बसवायची. बोलायची सवय नाही. ते म्हणाले, "मला सांगितलंय तिनं सगळं. तू खोपोलीला सभेला गेली होतीस तेव्हा."

"काय सांगितलंय?"

"एका पेशीच्या दोन होतात, तेव्हा आतली सगळी अक्षरं नव्यानं उतरवावी लागतात. उतरवताना चुका होतात. त्या चुका बघत, दुरुस्त करत मागनं एक जण चालतो. तो कीमन."

"पुढे?"

"प्रत्येकाला दोन कीमन मिळतात. एक बापाकडनं, एक आईकडनं. तुझ्या वडलांच्या घरात कायकाय पोरांना एक कीमन जन्मापासनंच गैरहजर. दुसरा एकटा सगळी लाइन बघतो. बघतो चाळीस-पन्नास वर्षं. मग कुठल्या तरी एका पेशीत तोबी आडवा पडतो. त्या लाइनीवर मग चाव्या ढिल्या होत जातात आन कुणाला पत्ता नाय."

"म्हणजे नदीचा काही संबंधच नाही?"

"असं ती कुठं म्हणाली? नदी साफ हाय असं नाय म्हणाली. या घराला एक कीमन कमी हाय, यांनी लवकर तपासणी सुरू करावी, एवढंच म्हणाली."

"आणि हे तुम्ही मला तीन वर्षांत सांगितलं नाहीत?"

"सांगायला आधी तू बोलायची थांबायला पायजेस."

मी ताट उचलून आत गेले. पण सकाळी स्टेशनच्या पुलावर उभी राहिले तेव्हा खाली रुळाकाठाने एक तरुण कीमन चालत होता, आणि मी तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.

तू शेवटी विचारलं आहेस, घरातल्या आणखी कोणत्या बायकांना असा आजार झाला होता का. नदीकाठच्या कॅन्सरवाल्यांची माझी यादी तुझ्याकडे आहेच. त्रेचाळीस नावं, त्यातली आपल्या घरची नऊ. यादीत आहेत तेवढीच.

जयवंता

कर्जत, ३० मार्च २०२५, पाडवा

प्रिया,

सुनंदा घरी आली. चालते, जेवते, कुरकुर करते, म्हणजे बरी आहे. गाठीच्या तपासणीत दुरुस्तीचं ते प्रथिन सापडलंच नाही. तुझ्या बापाच्या, मोरूच्या, जपून ठेवलेल्या गाठीतही नव्हतं म्हणतेस. दोघा सख्ख्या भावंडांत एकच दोष. मी गणिताची शिक्षिका नव्हे, पण एवढं मला समजतं.

आता जे लिहायचं ते लिहून टाकते. मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी होती.

मोरू गेला त्याच्या पुढच्या वर्षी, २००९ साली, मी वही घेऊन बाहेर पडले. आई तुला नव्हतीच, बापही गेला, तू माझ्याकडे कर्जतला बारावीचा अभ्यास करत होतीस आणि मी रविवारी रविवारी माहेरच्या गावात घरोघर फिरत होते. घर नंबर, नाव, वय, आजार, किती वर्षं नदीचं पाणी. मला मोरूच्या मरणाला जबाबदार कोणीतरी हवं होतं, आणि नदीवर रोज रंगीत फेस येत होता. ते फेसाचं पाणी खोटं नव्हतं, प्रिया. मेलेले मासे मी स्वतः टोपलीत भरून तहसीलदाराच्या टेबलावर ओतले आहेत.

त्या फिरण्यात मी कशेळ्याला गौराआत्याच्या घरी गेले. खांडसला भागीआत्याच्या घरी गेले. दोघी माझ्या वडलांच्या, आबाजींच्या, सख्ख्या बहिणी. गौराबाई एकोणपन्नासाव्या वर्षी पिशवीच्या कॅन्सरने गेली, भागी त्रेपन्नाव्या वर्षी आतड्याच्या. दोघींची लग्नं झाली तेव्हा नदीकाठी कारखान्याची एक वीटसुद्धा नव्हती. पुढचं सगळं आयुष्य दोघी डोंगराकडच्या विहिरीचं पाणी प्यायल्या. मी सगळं लिहून घेतलं, चहा घेतला, आणि परतीच्या टमटममध्ये मला कळलं की या दोन ओळी माझी यादी मोडणार.

मी त्या यादीत घातल्या नाहीत.

स्वतःला कारणही दिलं. फॉर्म घर नंबरवर होता ना? लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरच्या घर नंबरात येत नाही. बस. नियमच तो. आणि हा नियम म्हणजे कुठला, तर ज्याच्याविरुद्ध मी जिल्हाभर ओरडत फिरले तोच. सातबाऱ्यावर मुलींची नावं लावा म्हणून मी खालापूरला उपोषणाला बसले आहे. 'मुलगी दिली म्हणजे मेली का?' हे वाक्य माझं आहे, बायका अजून घोषणेत म्हणतात. आणि माझ्या दोन आत्या खऱ्याच मेल्या, तर मीच म्हटलं, त्या दुसऱ्या घरच्या.

तू तेव्हा माझ्या घरात होतीस. पुढे तू आपल्या घराण्याचा तक्ता काढायला बसलीस, तेव्हा मला विचारलंस, "आत्या, आजोबांना बहिणी होत्या ना?" मी म्हणाले, "होत्या, म्हाताऱ्या होऊन गेल्या." तुझ्या तक्त्यात त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. ते मी घातलं.

वहीचं ते पान मी फाडलं नव्हतं. का, ते मला सांगता येणार नाही. सोबत झेरॉक्स आहे.

त्या दोघींची मुलं आहेत, नातवंडं आहेत. त्यांना कोणी सांगितलंच नाही की तपासून घ्या. सोळा वर्षं. हा हिशेब मी कोणत्या कारखान्यावर टाकू?

चैत्री पुनवेला गावची जत्रा आहे. दिल्याघेतल्या सगळ्या मुली माहेरी येतात, जेवण झाल्यावर भावकी बसते. मी तिथे सांगणार आहे. तू म्हणतेस, चाळिशीच्या आत तपासणी सुरू झाली तर या घरातलं मरण बरंचसं टळेल. मला त्यांचं रक्त हवंय, तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. संमतीपत्रं आणि बाकी काय लागेल ते पाठव. चौकच्या लॅबमधली इल्मा सुया घेऊन यायला तयार आहे.

जयवंता

कर्जत, १४ एप्रिल २०२५

प्रिया,

आज मला तीन गावांतून भाषणाचं बोलावणं होतं. एकाही ठिकाणी गेले नाही. आठवडाभर तरी माइक हातात धरवेल असं वाटत नाही. कारण सांगते.

देवळापुढच्या मांडवात भावकी बसली. पुरुष सतरंजीवर, आम्ही माहेरवाशिणी कडेला, खांबांना टेकून. मी उभी राहिले आणि बोलले. चाळीस मिनिटं बोलले, चांगलं बोलले. विज्ञान म्हणजे काय इथून सुरुवात केली. देवीच्या रोगाची लस आली तेव्हा लोक कसे घाबरले तेही सांगितलं. कीमनचा दृष्टांत दिला, आतोबांचं नावही घेतलं. कबुली शेवटी द्यायची असं ठरवलं होतं, म्हणजे परिणाम होईल. बघ, कबुलीचासुद्धा मी परिणाम मोजत होते.

संपल्यावर नवनाथ उठला. माझा चुलतभाऊ, गावचा माजी सरपंच.

"ताई, माझ्या पोरीचा साखरपुडा ठरलाय. उद्या मंडळी इचारतील, घराण्यात काय हाय का? काय सांगू? आमच्यात एक कीमन कमी हाय?"

सगळे हसले. मलाही हसू आलं.

"आन दुसरं," तो म्हणाला, "'रक्त देऊ नका. आज दिलेलं रक्त उद्या कंपनीच्या वकिलाच्या हातातला पुरावा होईल. आपल्या शिरा म्हणजे त्यांच्या फायली नाहीत.' प्रियानं रक्त मागितलं तवा हे कोण बोललं होतं? याच मांडवात, याच खांबाजवळ?"

"मी."

"मी पाठ केलंय, ताई. शाळंत एक कविता पाठ केली नाय, पन तुमचं भाषण केलंय. आमी तुमचं ऐकलं. आता परत तुमीच सांगता, द्या. आमी काय नळ हाय का, तुमी फिरवाल तसं चालू-बंद व्हायला?"

त्याने माझा शब्द ना शब्द बरोबर म्हटला होता. माझं सगळ्यात यशस्वी भाषण माझ्यासमोर उभं होतं, आणि त्याला मीही हरवू शकत नव्हते.

तेवढ्यात मागून छाया पुढे आली. गौराआत्याची मुलगी, पंचावन्न वर्षांची, कशेळ्याहून सुनांना घेऊन आली होती.

"जयवंता, मला एकच सांग. तू आमच्या घरी आलीस, च्या पिलीस, आईचं सगळं लिवून घेतलंस. मग छापली त्या यादीत माझी आई का नाय?"

"मी काढलं तिला."

"का?"

"ती नदीचं पाणी प्यायली नव्हती. तिला घातलं असतं तर माझं म्हणणं मोडलं असतं."

एवढंच. परिणामबिरिणाम काही नाही.

छाया म्हणाली, "म्हंजे आईला मरून पन म्हायेरात जागा नाय."

मी खाली बसले. मला वाटलं ती आता सुनांना घेऊन निघून जाईल, आणि ते योग्यच होतं. ती निघालीही. पण फाटकाकडे नाही, इल्माच्या टेबलाकडे.

"बाय, माझं घे आधी. नाव लिवताना 'गौराबाईची छाया' असं लिव. नवऱ्याचं मागनं लिव."

इल्मा म्हणाली, "मावशी, फॉर्मात तसा रकाना नाही."

"मग कर."

इल्माने समासात लिहिलं. मी दुसरी गेले. माझी शीर सापडेना. इल्मा म्हणाली, "काकी, मूठ आवळा. भाषण देताना आवळता तशी." मांडव पुन्हा हसला, या वेळी मोकळा. मग खांबांना टेकलेल्या बायका एकेक करून उठल्या. लग्न होऊन गेलेल्या, दिलेल्या, दुसऱ्या घरच्या. मागून तीन पुरुष, त्यात छायाचा मुलगा. एकूण एकोणीस. भागीआत्याची दोन्ही नातवंडं त्यात आहेत.

नवनाथने दिलं नाही. निघताना मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आज पहिल्यांदाच तुमी थोडक्यात बोललात, ताई." टोमणाच होता. पण मी तो बक्षीस म्हणून घेतला.

नमुन्यांचा डबा बर्फात घालून इल्मानेच कुरियरला दिला. पोचला की कळव. एक शब्द कळवलास तरी चालेल.

आत्या
(सही करून झाली तेव्हा लक्षात आलं. खोडत नाही.)

कर्जत, २२ जून २०२५

प्रिया,

तू पाठवलेल्या समुपदेशक बाईंनी प्रत्येकाला स्वतंत्र फोन करून निकाल सांगितला. कोणाचा काय, ते दुसऱ्याला सांगायचं नाही, असंही बजावलं. आपल्या गावात हे अवघड. दोन दिवसांत ज्याने त्याने स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. एकोणीसपैकी आठ जणांत दोष आहे. छायात आहे, तिच्या मुलात नाही. तिने मला फोन केला आणि नुसती रडली, मग म्हणाली, "थांबलं गं त्याच्यापाशी, थांबलं."

माझ्यात आहे.

घाबरले नाही असं म्हटलं तर तू हसशील. तुझ्या सांगण्याप्रमाणे पनवेलला आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घेतली. आदल्या दिवशीचं ते औषधी पाणी पिण्याचं प्रकरण! सोळा वर्षं मी पाण्यावर बोलले, पण पाणी माझ्याशी इतकं परखड कधीच बोललं नव्हतं. दोन कोंब, म्हणजे पॉलिप, सापडले, तिथल्या तिथे काढले. डॉक्टर म्हणाले, अजून कॅन्सर झालेले नव्हते. मी विचारलं, अजून तीन-चार वर्षं तशीच राहिले असते तर? ते म्हणाले, "आता नाही राहिलात ना, मग सोडा." आता दर वर्षी जायचं आहे.

चौसष्टाव्या वर्षापर्यंत माझा एकटा कीमन लाइन सांभाळत आलाय. तुझे आतोबा म्हणतात, "त्याला ओव्हरटाइम द्यायला पायजे."

नवनाथच्या मुलीने बापाला न विचारता चौकला जाऊन रक्त दिलं. आधी होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलं म्हणे. तो म्हणाला, "माझ्या आईला, मामाला, दोन्ही काकांना डायबेटिस आहे. तू तेवढं धरून चाल, मी एवढं धरून चालतो." तिच्यात दोष निघाला नाही. पण निघाला असता तरी लग्न झालं असतं, हे कळल्यावर नवनाथ परवा स्वतःच लॅबमध्ये गेला. इल्मा सांगत होती, सुई बघून डोळे मिटून घेतले.

मी मागच्या आठवड्यात तुला निरोप धाडला होता की ज्यांचा एक कीमन आधीच कमी, त्यांना घाण पाणी दुप्पट मारत असणार, हे मी पुढच्या सभेत म्हणू का. तुझं उत्तर: 'नाही. सिद्ध झालेलं नाही. म्हणू नकोस.' सहा शब्द. मी चिडले. मग माझ्या लक्षात आलं की तीन वर्षांपूर्वी याच हट्टाने तू वकिलालाही म्हणाली असशील, 'माझ्या निबंधात नदीबद्दल काहीच नाही.' म्हणाली होतीस का? मी सभेत ऐकलं नाही, कारण मी बोलत होते.

आता दुसरं. हे चार दिवस माझ्या मनात आहे आणि जेवण जात नाही.

त्या जनसुनावणीआधी भावकीतल्या एकानेही तुला रक्त दिलं नव्हतं. मीच देऊ दिलं नव्हतं. मोरूच्या गाठीत काय बिघडलं ते तुला दिसलं असेल, पण तो बिघाड जन्मापासूनचा, हे जिवंत माणसाच्या रक्तात बघितल्याशिवाय तू लिहिलं नसतंस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तरी निबंध तयार होता. मग ते रक्त कोणाचं होतं, प्रिया?

मी तुला विकली गेली म्हणाले, तेव्हा तुला तुझा निकाल माहीत होता का?

पंधरा-सोळा वर्षं मी तुला विचारलं नाही की तुझं काय. मोरूचं दुःख माझं, नदी माझी, सभा माझी. आज विचारते.

आत्या

कर्जत, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिया बाळ,

तुझ्या जुलैच्या पत्राला उत्तर द्यायला मी इतके दिवस घेतले, कारण उत्तर देण्याआधी मला एक काम करायचं होतं. ते काल झालं.

कारखान्याच्या विस्ताराची पुन्हा सुनावणी होती. तोच वकील, तसाच मांडव, गर्दी जरा कमी. त्याने फाइल उघडायच्या आत मी हात वर केला. माइक घेतला आणि म्हणाले:

"माझ्या यादीत त्रेचाळीस नावं होती. त्यातली नऊ माझ्या माहेरची. त्यांचा आजार रक्तातून आला आहे. हे माझ्या भाचीने शोधलं. ती नावं मी आज यादीतून काढते. तीन वर्षांपूर्वी इथेच मी म्हणाले होते की ती विकली गेली. ते खोटं होतं. माझी यादी अपुरी आहे हे मला माहीत असून मी खोटं बोलले. जिथे बोलले तिथेच परत घेते."

मग उरलेली चौतीस नावं वाचली. हळू वाचली. वाचून झाल्यावर म्हणाले, "या चौतीस जणांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही. पाणी एक आहे. चौतीस हा पुरावा नाही, तपासायचं कारण आहे." ते शेवटचं वाक्य तुझं. टाळ्या पडल्या नाहीत. पण वकील फाइल चाळत राहिला आणि त्याला हवा तो कागद आता निरुपयोगी झाला होता. अधिकाऱ्यांनी नदीकाठच्या गावांची स्वतंत्र आरोग्य तपासणी आणि विहिरींच्या पाण्याची परीक्षा करायला सांगितली आहे. कारखाना बंद झालेला नाही, नदी स्वच्छ झालेली नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात असा कागद आहे, ज्यातली एकही ओळ मला लपवावी लागत नाही. तू म्हणशील ही विज्ञानाची पहिली पायरी. मी म्हणते भाषणाचीसुद्धा.

आता तुझं पत्र. चार पानं, हाताने लिहिलेली, आणि पहिलाच शब्द 'आत्या'. त्या शब्दावर मी अर्धा तास अडले होते. मग पुढची ओळ.

तुझ्यात आहे. तू एकतिसाव्या वर्षी स्वतःचं रक्त स्वतःच तपासलंस आणि निकाल आल्यावर आठव्या दिवशी त्या सुनावणीला आलीस. मला सांगायला आली होतीस. सभा संपल्यावर घरी येऊन सांगणार होतीस. सभा संपली तेव्हा तुला घर उरलं नव्हतं.

क्षमा कर असं लिहिणार होते. पण ते लिहिलं की तुझ्यावर उत्तराची जबाबदारी पडते, आणि तुझ्यावर आधीच बरंच आहे. म्हणून दुसरं लिहिते.

तू म्हणतेस दर फेब्रुवारीत तू तपासणीला जातेस, आतापर्यंत सगळं स्वच्छ आहे. वाचून मी देवघरात गेले. मी, जिने तीस वर्षं नवसावर टीका केली. काही मागितलं नाही, नुसती उभी राहिले.

पनवेलला माझी तपासणी झाली, तेव्हा मला एक गोष्ट कळली. गुंगी देतात, म्हणून सोबत माणूस असल्याशिवाय घेत नाहीत. फॉर्मवर तशी ओळ असते: सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव, रुग्णाशी नातं, सही. माझ्या फॉर्मवर आतोबांनी सही केली. तुझ्या तीन फॉर्मांवर कोणाची होती? ऑफिसातल्या कोणाची? पहारेकऱ्याची? मी विचारत नाही.

चौथ्या फॉर्मवर माझं नाव लिही. नात्याच्या जागी आत्या लिही. तारीख कळव, गाडीचं मी बघते. आतोबा म्हणतात त्यांनाही यायचं आहे, तिकडचे रूळ कसे आहेत बघायचे आहेत म्हणे. येऊ देत. ते तुला आत सोडायला येतील, मी बाहेरच्या बाकावर बसेन. तू शुद्धीवर येईपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही. त्यानंतरचं वचन देत नाही.

तुझी आत्या